वर्तणुकीचा रकाना

सर, तुम्ही गेलात त्या दुपारी मी दहावीच्या हॉल तिकिटांवर सह्या करत होते. शाहीनचा मेसेज आला, ‘अब्बा गेले. असरच्या नमाजनंतर दफन.’ तो मी वाचला, फोन पालथा ठेवला आणि आणखी सहा सह्या केल्या. सातव्या तिकिटावर माझं नावच मला लिहिता येईना. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, काय दगड बाई आहे. तुम्ही तुमच्या अहिराणीत म्हणाला असतात, “दगड नही, बाई. सवय लागेल शे.”

धुळ्याला निघायचं तर संस्थेच्या सचिवांची परवानगी लागते. अठ्ठेचाळीस वर्षांची मुख्याध्यापिका मी, पण फाटकाबाहेर पाय टाकण्याआधी विचारावं लागतं. त्यांनी विचारलं, “कोण लागत होते तुमचे?” मी म्हटलं, “माझे मुख्याध्यापक.” ते हसले. “मुख्याध्यापक तर तुम्हीच आहात, मॅडम.” शिरपूरहून एसटीने पोचेपर्यंत माणसं तुम्हाला घेऊन कब्रस्तानात गेली होती. मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले. भाभींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तुमचा चेहरा मी पाहिला नाही, सर. शेवटचा आवाज ऐकलाय तो फोनवरचा, आणि त्यावेळी मी तुमच्यावर ओरडत होते.

आज सोळा दिवस झाले. ते भांडण माझ्या डोक्यात चालूच आहे आणि दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतंय.

पाचोऱ्याजवळच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत मी आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. जळगावात वाढलेली, डी.एड. ताजं, सगळ्या व्याख्या पाठ. पहिल्याच आठवड्यात मी ऐटीत तुम्हाला सांगितलं, “सर, मूल म्हणजे कोरी पाटी. आपण लिहू तसं ते घडतं.” तुम्ही हजेरीपट बंद केलात. “कोरी नसते, बाई. लिहिलेली येते. वरून धूळ बसते, म्हणून आपल्याला कोरी दिसते.”

त्या दिवशी पहिल्यांदा मी ‘फितरत’ हा शब्द ऐकला. तुम्ही सांगितलंत की तुमच्या दीनमध्ये, म्हणजे धर्मात, असं मानतात, प्रत्येक मूल खऱ्या-खोट्याची ओळख आतच घेऊन जन्माला येतं. कुणाच्याही घरी जन्मलं तरी. तुमचे अब्बा पिंजारी होते. गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचे. “अब्बा कापसात काही घालत नव्हते, बाई. गाठी सोडवायचे, कचरा झाडायचे. कापूस आपोआप फुलायचा. मास्तराचं काम यापेक्षा मोठं नाही.” मला ते ऐकायला गोड वाटलं आणि पटलं मात्र नाही. वर्गात पन्नास पोरं, त्यातली निम्मी दुपारनंतर गायब. कुठली फितरत आणि कुठलं काय!

मग तो रतन. सातवीतला. मी त्याची गोटी काढून घेतली म्हणून माझ्या मनगटाला चावला. रक्त आलं. मी रडतच तुमच्याकडे आले आणि म्हटलं, याचं नाव काढून टाका. तुम्ही आधी मला हळद लावलीत. मग रतनला बोलावून विचारलंत, “काय व्हयनं?” तो म्हणाला, “राग ऊना.” तुम्ही म्हणालात, “राग ऊना, ठीक शे. राग तुले हाकलस का तू रागले हाकलस?” दुसऱ्या दिवसापासून महिनाभर पिण्याच्या पाण्याचा रांजण घासायचं काम त्याला लागलं. आणि रोज तुम्ही त्याच्या शेजारी उकिडवे बसून त्याच्याबरोबर घासत होतात. मी म्हटलं, “शिक्षा त्याची, तुम्ही कशाला?” तुम्ही म्हणालात, माणसाच्या आत एक नफ्स असतो, ओढाळ. गोऱ्ह्यासारखा. त्याला मारून टाकायचं नसतं आणि मोकाटही सोडायचं नसतं. औताला जुंपायची सवय लावायची तर पहिले काही दिवस सोबत चालावं लागतं.

वर्षअखेर सातवीच्या पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले मी तुमच्या सांगण्यावरून लिहायला बसले. नाव, जन्मतारीख, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक. प्रगतीच्या रकान्यात तुम्ही जे खरं ते सांगत होतात. बरी, साधारण, कच्ची. वर्तणुकीच्या रकान्यात मात्र सगळ्यांना ‘चांगली’. रतनचा दाखला आला तसा मी पेन खाली ठेवला.

“सर, याने मला चावलंय.”

“चावला. खरं शे.”

“मग चांगली कशी?”

“चावणं ही एका दुपारची गोष्ट, बाई. हा रकाना दुपारचा नाही.”

“हे खोटं आहे. सगळ्यांना एकच शेरा द्यायचा तर शेऱ्याला अर्थ काय?”

तुम्ही हसलात. “बाकीच्या रकान्यांत मी मास्तर शे. या एकात माणसाबद्दल निकाल द्यायचा असतो. तेवढा अधिकार माले कोणी दिला नही. पोर आपल्याकडे अमानत म्हणून आलेलं शे, आपल्या मालकीचं नही. दुसऱ्याच्या वस्तूवर आपण कायमची खूण करतो का?”

मी ‘चांगली’ लिहिलं, पण फुगून. तेव्हापासून हे भांडण आपण पंचवीस वर्षं भांडलो. तालुक्याच्या प्रशिक्षणात भांडलो, तुमच्या निवृत्तीच्या चहाला भांडलो. मी म्हणायचे, जग तर खूण करतंच, मग आपण डोळे मिटून काय होणार? तुम्ही म्हणायचात, जगाला करू दे, जगाने काही बी.एड. केलेलं नाही.

तुम्ही नेहमी बरोबर होतात असं मात्र मी आज म्हणणार नाही. माणूस गेला की लोक त्याला संत करून टाकतात, तुम्हाला ते आवडलं नसतं. शाहीनला पुण्याला शिकायला जायचं होतं आणि तुम्ही तिला धुळ्याबाहेर पाठवलं नाहीत. मी तुमच्या ओसरीवर बसून विचारलं होतं, “फितरत सगळ्यांची सारखी, अक्कल सगळ्यांना दिलेली, मग पुणं फक्त पोरांसाठी कसं?” तुम्ही चहाचा कप फिरवत राहिलात. पुढे शाहीन धुळ्यातच शिकली, शिक्षिका झाली, चांगली झाली. पण ते उत्तर तुमच्याकडून यायचं राहिलं ते राहिलंच.

आणि तुमच्या वाट्यालाही काही कमी आलं नाही. निवृत्तीनंतर धुळ्यात घराच्या ओट्यावर तुम्ही पोरांना फुकट शिकवायला लागलात, तेव्हा दोन पालक आले. “सर, राग मानू नका, पण पोरांना तुम्ही तुमच्या धर्माचं काही शिकवता का?” भाभींचा चेहरा उतरला होता. तुम्ही शांतपणे फळ्याकडे बोट दाखवलंत. “आज अपूर्णांकांची बेरीज शे. बसा, तुम्हीही शिका.” त्यातला एक खरंच बसला. हे तुम्ही मला हसत सांगितलंत, पण त्यानंतर आठवडाभर ओट्यावर फळा आला नाही, हे भाभींनी सांगितलं.

मी शिरपूरच्या या संस्थेत आले ते चांगल्या शाळेसाठी, असं मी सांगते. खरं तर थकले होते. इथे क्वार्टर मिळालं. नवऱ्याला संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. मुलगी संस्थेच्या कॉलेजात बारावीला आहे. नळाचं पाणी संस्थेचं, वीज संस्थेची, आजारी पडलो तर डॉक्टर संस्थेचा. फाटकाच्या आत सगळं आहे. सुरुवातीला ते किती बरं वाटायचं! आता कधीकधी संध्याकाळी मी भिंतीच्या कडेकडेने चालत पूर्ण फेरी मारते आणि जिथून निघाले तिथेच येते.

तुम्ही एकदाच इथे आलात. त्या दिवशी सूचनाफलकावर महिन्याच्या चाचणीची यादी लागली होती. सहावीपासूनच्या मुलांच्या चार तुकड्या, आणि दर महिन्याला वर-खाली. चौथ्या तुकडीत दोनदा गेलं की वसतिगृहाची जागा जाते. तुम्ही चष्मा पुसून ती यादी वाचलीत. “बाई, ही कापसाची प्रतवारी लावेल शे का?” मी म्हटलं, “सर, निकाल लागतो याने.” तुम्ही म्हणालात, “निकाल लागतो, खरं शे. पण ज्याला रोज सांगितलं की तू चौथ्या प्रतीचा, त्याच्या अंगावरची धूळ आपण झाडतोय का आणखी टाकतोय?” तुम्हाला बसस्टँडवर सोडताना मी चिडलेलीच होते. कारण तो प्रश्न मलाही पडत होता आणि तो मला परवडणारा नव्हता.

सविताचं प्रकरण दिवाळीनंतरचं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची पोर, आमच्या वसतिगृहात राहून नववीत. दोनदा चौथ्या तुकडीच्या काठावर आलेली. चाचणीच्या आदल्या दिवशी तिने शिक्षक खोलीच्या कपाटातून गणिताची प्रश्नपत्रिका काढली. सापडली. तिने ती काढली होती, यात काही संशय नव्हता, तिने कबूलही केलं. सचिव म्हणाले, “दाखला हातात द्या. आणि शेरा असा लिहा की पुन्हा कुणाची हिंमत होऊ नये.” मी म्हटलं, “साहेब, शेरा साधा ठेवू. काढून तर टाकतोच आहोत.” ते म्हणाले, “मॅडम, तुमची मुलगी बारावीला आहे ना यंदा?” एवढंच. आवाजही चढवला नाही.

मी वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं, ‘असमाधानकारक. चोरीची प्रवृत्ती.’ स्वतःच्या हाताने, वळणदार. तिचा बाप दाराबाहेर उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागद चार घड्या करून खिशात ठेवला. सविताने वाचला होता. तिने वर पाहिलं नाही.

तो कागद फिरत फिरत धुळ्यात शाहीनच्या शाळेत पोचला. तिथल्या मुख्याध्यापिकेने शेरा पाहून प्रवेश नाकारला. शाहीनने घरी सांगितलं, आणि खाली सही कुणाची ते तुम्हाला कळलं. तुमचा फोन आला तेव्हा मी क्वार्टरच्या ओट्यावर मेथी निवडत होते.

“बाई, तुम्ही चूक लिहिली का स्वभाव लिहिला?”

मी म्हटलं, “सर, जे झालं ते लिहिलं.”

“झालं ते एकदा. तुम्ही ‘प्रवृत्ती’ लिहिलं. हा शब्द कुठून आणला?”

“तुम्हाला माहीत नाही इथे कसं चालतं.”

“माहीत नाही. म्हणून तर विचारतोय. पोर चुकली, तिला शिक्षा करा. तिच्याबरोबर रांजण घासा. पण तिला हे सांगू नका की तू अशीच शेस. माणूस विसरतो, बाई, आपण चांगले आहोत हे सगळ्यात आधी विसरतो. आपण आठवण करून द्यायला आहोत, का विसर पाडायला?”

मग मी ओरडले. “तुम्हाला काय जातंय, सर? निवृत्त माणसाला चांगुलपणा सोपा असतो. तुम्हाला ना क्वार्टर सोडायचं, ना मुलीचं वर्ष घालवायचं. फितरत, अमानत, सगळं ओट्यावर बसून बोलायला ठीक आहे!”

तुम्ही म्हणालात, “बरं बेटा. जेवण झालं का?”

मी फोन ठेवला. त्यानंतर जानेवारीत दोनदा तुमचा फोन आला. एकदा मी मीटिंगमध्ये होते. एकदा मीटिंगमध्ये नव्हते. दुसऱ्यांदा फोन वाजून वाजून थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले होते, हे तुम्हाला कळायला हवं.

दफनानंतर बायका पांगल्या तेव्हा भाभींनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि बळेच खायला घातलं. म्हणाल्या, “सविताचं आता काय होणार कोण जाणे. तिला तर कुणी सांगितलंही नसेल.” मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. तुम्ही शाहीनच्या शाळेत तीन वेळा गेला होतात. मुख्याध्यापिकेने लेखी हमी मागितली तेव्हा स्वतःच्या नावाने लिहून दिलीत, की या मुलीकडून काही घडलं तर जबाबदार मी. तिला मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळवून दिलीत. आणि दर बुधवारी दुपारी वसतिगृहाच्या व्हरांड्यात तिला गणित शिकवायला जात होतात. मला यातलं काहीच सांगितलं नाहीत. म्हणजे सांगायला फोन केला होतात. दोनदा.

दुसऱ्या दिवशी रजा वाढवून मी वसतिगृहावर गेले. सविताने मला पाहिलं आणि ती भिंतीला टेकली. तिला वाटलं, इथूनही काढायला आलेय. मी म्हटलं, “घाबरू नकोस. रशीद सरांचं सांगायला आले.” सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून निघालं, “मग गणिताचं?” लगेच तिने ओठ दाबून धरले, आपण काय बोललो म्हणून. आणि मग रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, मला कळेना. तो शेरा लिहिणारा हात माझाच होता, सर. तुम्ही ज्या कामाला बसला होतात ते माझं होतं.

शिरपूरला परतल्यावर मी अर्ज लिहिला. शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने. जनरल रजिस्टरमधला आणि दाखल्यावरचा शेरा मी अविचाराने लिहिला, तो दुरुस्त करायची परवानगी मिळावी. सचिवांनी वाचून परत दिला. “पुढच्या सभेत बघू.” पुढची सभा मेमध्ये. मी दोन दिवस तो टेबलाच्या खणात ठेवला. मग साध्या टपालाने, स्वतःच्या नावाने, धुळ्याला पाठवला. परवा मला संस्थेची कारणे दाखवा नोटीस आली. संस्थेला डावलून पत्रव्यवहार. सात दिवसांत खुलासा.

हे वाचून तुम्ही खूश झाला असतात असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. तुम्ही आधी विचारलं असतंत, पोरीच्या बारावीचं काय, क्वार्टरचं काय. तुम्हाला माणसाचं ओझं दिसायचं. ज्याच्या अंगात जेवढी ताकद, त्याच्यावर तेवढंच टाकायचं, हे तुम्ही पहिलीच्या पोरांच्या पाढ्यांबद्दल म्हणायचात. माझी ताकद किती, हे मला अजून माहीत नाही. मी काही सुटले नाही, सर. नवरा माझ्याशी नीट बोलत नाही. मुलगी विचारते, “आई, परीक्षा होईपर्यंत थांबता आलं नसतं का?” तिचंही बरोबर आहे. दर महिन्याला फलकावर चार तुकड्यांची यादी अजूनही मीच लावते, माझ्याच सहीची. खुलाशाचा कागद कोरा पडलाय. काल त्यावर ‘विषय’ एवढं लिहिलं आणि उठले.

रविवारी मात्र धुळ्याला जाते. दोन रविवार झाले. व्हरांड्यात सतरंजी टाकून आम्ही बसतो. मला गणित तुमच्याइतकं सोपं करता येत नाही. मी उत्तर लवकर सांगून टाकते. सविता म्हणते, “सर सांगत नव्हते. थांबायचे.” मग मीही थांबायला शिकतेय.

काल ती रेषीय समीकरण सोडवत होती. मध्येच पेन्सिल थांबली. मला वाटलं, अडली. मी थांबले. तिने वहीतून मान वर न काढता विचारलं, “मॅडम, तुम्ही दाखल्यावर तसं का लिहिलं?”

वसतिगृहाच्या मुली मागे नळावर कपडे धूत होत्या. माझ्याकडे उत्तरं होती, सर. शिस्त होती, नियम होता, सचिव होते. पंचवीस वर्षांत मी तुमच्याशी भांडताना जमवलेली सगळी वाक्यं होती. त्यातलं एकही तिच्यासमोर उच्चारता येईना.

“घाबरले होते मी,” मी म्हटलं. “माझी जागा जाईल म्हणून.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

“मीबी,” ती म्हणाली.